अडोवा कोणासमोर नाचायचा?

एका कॉलेजचा गट युवा महोत्सवासाठी घानामधला ‘अडोवा’ हा नाच व्हिडिओ बघून बसवतो आहे. त्यांनी चिठ्ठी पाठवून तीन प्रश्न विचारले आहेत. हातांच्या त्या संथ, वळणदार हालचालींना आपल्या शास्त्रीय नृत्यातल्या हस्तमुद्रांसारखे ठरलेले अर्थ असतात का? मयताच्या प्रसंगी होणारा नाच स्पर्धेच्या रंगमंचावर आणणं योग्य आहे का? आणि मिळालेल्या सात मिनिटांत तो मांडायचा कसा? मी हा नाच घानामध्ये शिकले आणि आता इथल्या मुलामुलींना शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हातांना अर्थ असतात. पण एखादी खूण पाठ करून प्रेक्षागृहाच्या अंधाराकडे बघत केली, की तिच्यातलं बोलणं बंद पडतं. अडोवा नाचणारी बाई कोणाशी तरी बोलत असते: गेलेल्या माणसाच्या बायकोशी, त्याच्या भावंडांशी, गावच्या प्रमुखाशी, ढोलवाल्याशी, कधी खुद्द मृताशी. समोर कोण आहे हे ठरल्याशिवाय कुठला हात उचलायचा हे ठरत नाही. माझ्या तिथल्या शिक्षिका वर्गात एक रिकामी खुर्ची ठेवायच्या आणि पहिलं पाऊल टाकण्याआधी विचारायच्या, ‘तिथे कोण बसलंय?’ उत्तर मिळाल्याशिवाय तालाची घंटा वाजायची नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या पारंपरिक नाचाबद्दल एकच गोष्ट सांगायची मुभा मिळाली, तर मी हीच सांगेन.

अडोवा हा मुळात असांते लोकांचा. त्यांचं मुख्य शहर कुमासी. असांते हे अकान या मोठ्या गटातले, आणि त्यांच्या शेजारच्या इतर अकान समाजांतही तो नाचतात. असांते समाजात कूळ आईकडून चालतं, आणि माणूस गेला की त्याचा अंत्यविधी हे त्या कुळाचं काम असतं. दफन आणि मोठा विधी यांत कित्येकदा आठवड्यांचं, कधी महिन्यांचं अंतर राहतं, कारण दूरगावचे आणि परदेशातले नातेवाईक यायचे असतात. बहुतेक विधी शनिवारी होतात. त्या दिवशी अंगावर काळं, लाल किंवा गडद तपकिरी कापड असतं. रविवारी आभाराच्या प्रार्थनेला तेच लोक पांढरं किंवा काळं-पांढरं नेसून येतात. कोणी खूप म्हातारं होऊन, भरल्या घरातून गेलं असेल, तर पांढऱ्याचा वाटा वाढतो.

मैदानात मांडव घालतात आणि खुर्च्या चारही बाजूंनी, एकमेकांकडे तोंड करून मांडतात. एका बाजूला शोकातलं कुटुंब, समोर पाहुणे, एका अंगाला प्रमुख आणि त्याची माणसं, कडेला वादक. नवा आलेला माणूस उजवीकडून सुरुवात करून एकेकाशी हात मिळवत जातो, मग बसतो. कोणी किती पैसे दिले हे लाऊडस्पीकरवरून सांगितलं जातं. आणि मधे जी मोकळी जागा उरते, तिथे नाच होतो. आपल्याकडे मयताच्या घरी गेल्यावर माणूस घरच्यांजवळ बसतो, दोन शब्द बोलतो, काही वेळा नुसतं बसूनच बरंच काही सांगून जातो. असांते बाई तेच काम त्या मोकळ्या जागेत उतरून करते. पुरुषही नाचतात, पण अडोवा म्हटलं की आधी बायकाच डोळ्यांसमोर येतात.

शरीराची ठेवण समजायला सोपी, अंगात भिनायला अवघड. गुडघे सैल, कंबरेतून किंचित पुढे झुकलेलं धड, छोटी छोटी पावलं, तळवा जमिनीपासून फार उचलायचा नाही. मनगटं एकामागून एक वळत राहतात. उड्या नाहीत, गिरक्यांचा धडाका नाही. व्हिडिओ बघून बसवलेल्या नाचात मला नेहमी वेग जास्त दिसतो. चाळीस वर्षं संसार केलेली बाई नवऱ्याच्या विधीत धावत नाही.

या चालीबद्दल एक आख्यायिका सांगतात. अब्रेवा तुतुवा नावाची राजमाता आजारी पडली. तिच्यासाठी जिवंत हरीण आणा, असा कौल निघाला. आणायला गेलेल्या योद्ध्यांनी त्या छोट्या हरणाची विलक्षण चाल पाहिली आणि परत येऊन ती करून दाखवली. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. मुलांना पावलांचा हलकेपणा समजावायला मला ही गोष्ट फार उपयोगी पडते.

आता हातांबद्दल. घानाचे थोर संगीत-अभ्यासक क्वाबेना न्केतिया यांनी अकान नाचातल्या काही खुणा अर्थासकट नोंदवून ठेवल्या आहेत. उजवा हात किंवा दोन्ही हात आकाशाकडे केले, तर ‘मी देवाकडे पाहतोय’. उजवी तर्जनी डोक्याला हलकेच टेकवली, तर ‘हा विचार मलाच करायचा आहे, हे कोडं मलाच सोडवायचं आहे’. तीच तर्जनी उजव्या डोळ्याखाली ठेवली, तर ‘मला बोलायचं काही नाही, पण काय चाललंय ते बघा’. दोन्ही हात आतल्या बाजूला गुंडाळत आणून, ढोलाच्या शेवटच्या ठोक्यांवर उजवा हात झटकन लांब केला, तर ‘दोरखंडांनी बांधलंत तरी मी ते तोडीन’. दोन्ही हात डोक्यावर ठेवणं ही शोकाची खूण आहे आणि ती ओळखायला परक्यालाही वेळ लागत नाही.

ही यादी वाचून तुम्हाला मुद्रांचा कोश सापडल्यासारखं वाटेल, म्हणून पुढचं नीट वाचा. डोळ्याखालचं बोट एखादी बहीण मृत भावाच्या खुर्चीकडे वळून दाखवते, तेव्हा तो टाहो असतो: बघ, मला कशात टाकून गेलास. तीच खूण ती भावाच्या हयातीत न फिरकलेल्या नातेवाइकाकडे बघून करते, तेव्हा सगळ्या मांडवाला कळतं की कोणाला काय सुनावलं. तोंडाने बोलली असती तर भांडण झालं असतं. नाचात बोलली म्हणून ते ऐकून घ्यावं लागतं, आणि ज्याला सुनावलं तोही उठून नाचातच उत्तर देऊ शकतो. दरबारात तर याची धार फार. दोन्ही बाजूंना हात पसरून छातीशी घेणं, म्हणजे ‘हे सगळं माझं’, प्रमुखाला शोभतं. प्रमुख समोर बसलेला असताना दुसऱ्या कोणी ते केलं तर ते आव्हान ठरतं. मुद्रा आणि या खुणा यांतला मला दिसणारा फरक असा: आपल्या रंगमंचावरची नर्तिका यशोदाही होते आणि कृष्णही होते. अडोवा नाचणारी बाई स्वतःच असते, स्वतःच्या नात्यात उभी राहून स्वतःचं म्हणणं मांडते.

म्हणूनच आत उतरण्याआधी परवानगी लागते. वादकांसमोर आणि वडीलधाऱ्यांसमोर जाऊन, डाव्या तळव्यावर उजव्या हाताची मागची बाजू ठेवून विनंती करायची. पुरुषाने खांद्यावरचं कापड खाली उतरवायचं, वहाणा काढायच्या. डावा हात कोणापुढे करायचा नाही. चांगलं नाचणाऱ्याजवळ लोक येतात आणि त्याच्या डोक्यावर उजव्या हाताची दोन बोटं धरतात. ती दाद. टाळ्यांपेक्षा मला ती कितीतरी जवळची वाटते, कारण दाद देणाऱ्याला उठून नाचणाऱ्यापर्यंत चालत यावं लागतं. काही जण पैसे देतात, आणि ते वादकांनाही मिळतात.

वादकांशिवाय यातलं काहीच उभं राहत नाही. ‘दावुरो’ ही लोखंडी घंटा एकच आवर्तन सतत धरून ठेवते. सगळं तिच्यावर टांगलेलं आहे, त्यामुळे तालमीत आधी पावलं शिकवू नका, घंटेचं आवर्तन तोंडाने म्हणायला शिकवा. ‘दोन्नो’ हा मधे बारीक असलेला ढोल काखेत धरून दोऱ्या दाबत वाजवतात, त्याचा स्वर वरखाली होतो. ‘पेतिया’ आणि ‘अपेंतेम्मा’ मधली वीण भरतात. आणि ‘अतुम्पान’ ही मोठ्या ढोलांची जोडी बोलते. हे मी अलंकाराने म्हणत नाही. असांते लोकांची त्वी भाषा स्वरभेदाची आहे, शब्दाचा अर्थ आवाजाच्या चढउतारावरही ठरतो. जोडीतल्या एका ढोलाचा आवाज चढा, दुसऱ्याचा खोल. त्या दोन आवाजांत ढोलवाला म्हणी, नावं, बिरुदं वाजवतो आणि जाणती माणसं ती ऐकून ओळखतात. अंत्यविधीत ढोल ‘दामिरिफा दुए’ म्हणतो, म्हणजे मृताला निरोप आणि घरच्यांचं सांत्वन. जाणती नर्तिका ढोलाचं वाक्य संपतं तिथेच स्वतःची खूण पुरी करते. रेकॉर्डवर नाचताना हे साधणार नाही, कारण रेकॉर्ड तुमच्याकडे बघत नाही.

हा उद्देशूनपणा असांतेपुरता नाही. घानाच्याच उत्तर भागात दागोंबा लोकांमध्ये ‘लुन्सी’ नावाचे वंशपरंपरागत वादक घराण्यांच्या वंशावळी ढोलावर जपून ठेवतात. लग्नात किंवा बारशाला त्यांतला एखादा तुमच्या पूर्वजाची स्तुती वाजवू लागला, की तुम्हाला उठून ती नाचावी लागते. मित्र आणि नातलग येऊन कपाळावर नोटा चिकटवतात. तिथे नाचण्याची पाळी ढोल ठरवतो, आणि आजोबांचं नाव सगळ्यांसमोर पेलायचं असतं. आग्नेय घानातल्या एवे लोकांचा ‘अत्सियाग्बेकोर’ हा जुना युद्धनृत्याचा प्रकार. त्याचं पूर्वीचं नाव ‘आतामगा’, म्हणजे मोठी शपथ. लढाईला जाण्यापूर्वीच्या शपथेचा तो नाच आज हातात घोड्याच्या शेपटीच्या केसांचे झुपके घेऊन, आधी संथ आणि मग वेगवान अशा टप्प्यांत नाचतात. मुख्य ढोल हाक देतो तशी पुढची हालचाल ठरते, त्या हाकांना शब्दही आहेत. सेनेगलमधल्या वोलोफ लोकांच्या ‘सबार’मध्ये नाचणारी रिंगणातून धावत थेट मुख्य वादकासमोर येते, त्याच्याकडे तोंड करून नाचते आणि काही क्षणांत परत जाते. प्रेक्षकांच्या एका भागाकडे तिची पाठ असते आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

आता रंगमंचाचा प्रश्न. हे नाच रंगमंचावर आणायचे की नाही, हा वाद पश्चिम आफ्रिकेने स्वतःच कधीचा हाताळला आहे. गिनीचे फोदेबा केइता यांनी १९५०च्या आसपास पॅरिसमध्ये ‘ले बॅले आफ्रिकें’ हा संच उभा केला. १९५८ मध्ये गिनी स्वतंत्र झाल्यावर तो देशाचा राष्ट्रीय संच झाला. तासन्‌तास चालणारे गावातले नाच मिनिटांत बसले, रिंगण उघडून प्रेक्षकांकडे वळलं, जेंबे या ढोलाच्या इशाऱ्यावर सगळ्यांनी एकदम हालचाल बदलायची शिस्त आली. जगभर ‘आफ्रिकन डान्स’ म्हणून जे शिकवलं जातं, त्यातला मोठा भाग या बॅले-परंपरेतून आलेला आहे. मला तो संच आणि त्याचं काम मोलाचं वाटतं: वसाहतवाल्यांनी ज्याला रानटी म्हटलं, ते त्यांच्याच राजधानीत ताठ मानेने उभं केलं. मात्र त्याला गावातला नाच समजू नये.

घानाने वेगळी वाट घेतली. १९५७ मध्ये देश स्वतंत्र झाला, आणि १९६२ मध्ये लेगॉन इथल्या घाना विद्यापीठात न्केतिया आणि नृत्यदिग्दर्शक मावेरे ओपोकू यांनी ‘घाना डान्स एन्सेम्बल’ सुरू केला. वेगवेगळ्या समाजांचे नाच एका संचाने शिकायचे, अभ्यासकांनी त्यांची नोंद करायची, आणि मग ते रंगमंचासाठी बांधायचे. ओपोकूंच्या पद्धतीत मला जे सगळ्यात पटतं ते हे की मांडणी रंगमंचाची असली तरी खुणा आणि ढोल यांचं नातं ढिलं होऊ द्यायचं नाही. वादक विंगेत लपवायचे नाहीत, नर्तकांना दिसतील असे बसवायचे.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो, आणा’ असं आहे. अडोवा आज घानामध्ये शाळांच्या स्पर्धांत, लग्नांत, राष्ट्रीय समारंभांत नाचला जातो. असांते लोकांनीच तो मोकळा केला आहे. ‘केते’ आणि ‘फोंतोमफ्रोम’ या नाचांना मात्र हात लावू नका. त्यांचे ढोल दरबाराचे. दर बेचाळीस दिवसांनी येणाऱ्या अक्वासिदाए उत्सवात असांते राजा मानहिया राजवाड्यात लोकांपुढे बसतो, तेव्हा ते वाजतात. कोणत्या वादनावर कोणी नाचायचं, याचे संकेत तिथे कडक आहेत, आणि ते व्हिडिओत दिसत नाहीत.

काही गोष्टी करूच नका. चेहरा आणि हात काळे रंगवू नका. एखाद्या समाजाचा रंग पोशाखासारखा अंगावर चढवणं हा अपमान आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. गवताचे घागरे, पिसं, हाडांच्या माळा, आरोळ्या यांचा अडोवाशी काही संबंध नाही. निवेदनात ‘आफ्रिकेतील आदिवासी नृत्य’ म्हणू नका. ‘घानामधील असांते समाजाचा अडोवा’ म्हणा. कापड एकाच प्रसंगाचं ठेवा: शोकाचा प्रसंग दाखवत असाल तर लाल-काळं, आनंदाचा असेल तर केन्ते हे झगझगीत विणलेलं कापड. दोन्ही मिसळलंत तर जाणकाराला काय चाललंय तेच कळणार नाही.

तुमच्या गटाच्या चिठ्ठीत शेवटी ‘सिद्दी धमाल’ जोडायची कल्पना आहे. ती सोडा. गुजरात, कर्नाटक आणि आपल्या मुरुड-जंजिऱ्याशी नातं असलेल्या सिद्दींचे पूर्वज मुख्यतः पूर्व आणि आग्नेय आफ्रिकेतून आले. असांते प्रदेश खंडाच्या दुसऱ्या टोकाला आहे. सिद्दींचा नाच त्यांच्या पिरांशी, उरुसाशी बांधलेला आहे आणि तो स्वतंत्रपणे, त्यांच्याकडून शिकून मांडण्याच्या योग्यतेचा आहे.

सात मिनिटांचं असं करा. रंगमंचावर खुर्च्या अर्धवर्तुळात मांडा आणि त्यांवर तुमच्याच गटातली माणसं बसवा. एक विधवा, एक थोरला मामा (मातृवंशी समाजात त्याचा मान मोठा), एक उशिरा आलेली मैत्रीण, दोन-तीन पाहुणे. एक खुर्ची रिकामी. वादक एका बाजूला, सगळ्यांना दिसतील असे. पूर्ण संच जमला नाही तर घंटा, एक मधला ढोल आणि एक मोठा ढोल प्रत्यक्ष वाजवा, तेवढं पुरतं. मोठा ढोल वाजवणाऱ्याने पावलांकडे बघायची सवय करायची. त्वी भाषा येत नसताना बोलके ढोल वाजवल्याचा आव आणू नका. ठोका साधा ठेवा, पण त्याचा शेवट नर्तिकेच्या हाताबरोबर येऊ द्या.

पहिलं मिनिटभर नुसतं हात मिळवत फिरणं आणि घंटा. मग मैत्रीण परवानगी मागते आणि एकटी उतरते. तिला तीनच खुणा द्या, प्रत्येक खूण कोणाला उद्देशून ते ठरवून: एक रिकाम्या खुर्चीकडे, एक विधवेकडे, एक वर आकाशाकडे. तीन खुणांना दोन मिनिटं लागू द्या. तिसऱ्या मिनिटानंतर मामा उठतो, कापड खांद्यावरून उतरवतो, तिला उत्तर देतो. मग विधवा. तिला मी सगळ्यात कमी हालचाली देईन, हात डोक्यावर आणि पावलं. शेवटची दोन मिनिटं सगळे एकत्र, घड्याळाच्या उलट दिशेने, आणि त्यातून एखादी जण बाहेर येऊन नाचणारीच्या डोक्यावर दोन बोटं धरते. काही क्षण प्रेक्षकांकडे तुमची पाठ होईल. होऊ द्या. परीक्षकांना ते खटकलं तर निवेदनातलं एक वाक्य त्यासाठी राखून ठेवा: या नाचात माणूस ज्याच्याशी बोलतो, त्याच्याकडे तोंड करून उभा राहतो.

तालमीचे पहिले दोन दिवस नाचू नका. खुर्च्या मांडा, कोण कोणाचं कोण ते ठरवा, आणि प्रत्येकीने समोरच्याला काय सांगायचं आहे ते मराठीत, मोठ्याने, तोंडाने बोलून घ्या. नंतर तेच वाक्य घंटेच्या आवर्तनात बसवा. मग हात.